बॉनेटच्या आत माझं, सायलेन्सरच्या बाहेर सगळ्यांचं

जुनी डिझेल हॅचबॅक बाळगणाऱ्याला आजकाल दोनच सल्ले मिळतात. पहिला ऑफिसातला: "विकून टाक रे, ईव्ही घे." दुसरा रात्री टपरीवर भेटणाऱ्या गाडीवेड्या पोरांचा: "रीमॅप मार, ईजीआर बंद कर, मग बघ कशी पळते." पहिल्याला गाडी फोनसारखी वाटते. तीन-चार वर्षं वापरायची, मग एक्स्चेंज. दुसऱ्याला वाटतं, पैसे मी भरले, आता तिच्याशी मी काहीही करीन. वरवर ही दोन टोकं दिसतात. पण दोघांनाही समोरचं यंत्र समजून घ्यायचं नाहीये. एकाला ते टाकायचं आहे, दुसऱ्याला मिरवायचं आहे. माझं भांडण दोघांशीही आहे.

मी ज्या इंजिनाबद्दल बोलतोय त्याचं नाव माहीत नसलं तरी त्याची टकटक तुम्ही नक्की ऐकली आहे. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, १२४८ सीसी, चार सिलिंडर. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, नावं वेगळी पण काळीज एकच. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं, आणि मारुतीच्या गाड्यांसाठी हरियाणात मानेसरलाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि या इंजिनाचा जमाना संपला. पण आधी बनलेली लाखो इंजिनं त्या तारखेला हवेत विरली नाहीत. ती आजही दूध पोचवतायत, लग्नाला नेतायत, माहेरी सोडतायत. त्यातलं एक माझ्या गाडीत आहे आणि गेली चार वर्षं तिची बहुतेक कामं मी स्वतः पार्किंगमध्ये करतो.

आधी ऑफिसातल्या मित्रांचं बघू. माझ्या गाडीला डीपीएफ नाही. नव्या बीएस-६ गाडीपेक्षा ती प्रत्येक किलोमीटरला जास्त घाण सोडते. हे मान्य करूनच मी बोलतोय, आणि म्हणूनच ऑफिसला बसने जातो. पण "विकून टाक" म्हणजे नेमकं काय होतं? गाडी जगातून नाहीशी होते? दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली, तेव्हा तिथल्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत निघून गेल्या. धूर बंद झाला नाही, त्याचा पत्ता बदलला. मी गाडी विकली तर ती अशा कुणाकडे जाईल ज्याला ती स्वस्तात हवी आहे, आणि बहुधा तो फिल्टरही वेळेवर बदलणार नाही. माझा अंगण झाडण्याचा आनंद म्हणजे शेजाऱ्याच्या दारात कचरा. गाडीची लायकी कॅलेंडरवर ठरवू नका, यंत्र लावून मोजा. नापास झाली तर खुशाल भंगारात घाला, मी स्वतः चालवत आणून देईन.

आता घरच्या दुरुस्तीबद्दल. तिच्यात शौर्यबिर्य काही नाही. इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर बदलणे, एअर फिल्टर बदलणे, डिझेल फिल्टरच्या तळाला साचलेलं पाणी काढणे, ग्लो प्लग मीटर लावून तपासणे, ब्रेक पॅड बघणे. याला लागतात रिंग पाने, बॉक्स पान्यांचा सेट, एक टॉर्क रेंच आणि संयम. टॉर्क रेंच यासाठी, की ऑईल सम्पचा नट जोशात आवळला की आटे जातात आणि शंभर रुपयांच्या कामाला हजारांचं शेपूट फुटतं. दोन नियम मात्र पाळायचेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरायचं नाही, आधी लोखंडी घोड्या लावायच्या. आणि इंजिन चालू असताना कॉमन रेलच्या पाइपाला हात लावायचा नाही. टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन बार दाब असतो, रेलमध्ये हजार बारच्या वर. त्या दाबाने उडालेली डिझेलची बारीक चिळकांडी सरळ कातडीत घुसते.

मग हा उद्योग करायचाच कशाला? पैसे वाचतात म्हणून? थोडे वाचतात. खरं कारण वेगळं आहे. मध्यंतरी गाडी सकाळी तीन-चार सेल्फ घेतल्याशिवाय उठेना. गॅरेजमध्ये डोंगल लावलं, स्क्रीन बघितला आणि उत्तर आलं: चारही इंजेक्टर बदला. का, तर "कॉम्प्युटरने दाखवलंय". कॉम्प्युटर असं काही दाखवत नाही. तो फार तर म्हणतो की रेलमध्ये हवा तेवढा दाब तयार होत नाहीये. तो कशामुळे होत नाही, हे माणसाने शोधायचं असतं.

त्यासाठी एक जुनी, साधी चाचणी आहे. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. त्या परतीच्या चार नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं आणि कुठली बाटली जास्त भरते ते बघायचं. इंजेक्टर आतून झिजला की दाब तिथूनच निसटतो, आणि सेल्फ मारताना रेल भरतच नाही. माझ्या तीन बाटल्या जवळपास सारख्या भरल्या, चौथी त्यांच्या दुपटीच्या पुढे गेली. तो एकच इंजेक्टर काढून मी पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका काकांकडे नेला. तीस वर्षं हेच करणाऱ्या त्या माणसाने टेस्ट बेंचवर लावून तो दुरुस्त करून दिला. गाडी पहिल्या सेल्फला उठते. म्हणजे घरी दुरुस्ती करणे याचा अर्थ मिस्त्रीच्या पोटावर पाय देणे असा नाही. कुठलं काम खऱ्या कारागिराकडे न्यायचं, ते घरी कळतं.

मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, पोटासाठी कोड लिहितो. माझ्या बॅचच्या निम्म्या पोरांची हीच कथा आहे. चार वर्षांत डिझेल सायकलचा पीव्ही डायग्राम इतक्यांदा काढला की झोपेतही काढता येईल. पण कॉलेजच्या लॅबमधल्या इंजिनाला हात लावायची मुभा नव्हती. ते रंग देऊन, मधोमध कापून, काचेत ठेवलेलं होतं, एखाद्या थोर पुरुषाच्या पुतळ्यासारखं. तेच आम्ही आज नोकरीत लॉग वाचल्याशिवाय सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्या ज्युनियरला हसतो, आणि गाडीच्या बाबतीत "चारही बदला" ऐकून मुकाट्याने यूपीआय करतो. ज्या देशात दरवर्षी लाखो इंजिनिअर बाहेर पडतात, तिथे बॉनेटचा खटका कुठे असतो हे शोधायला व्हिडिओ लागावा, याची मला लाज वाटते.

हे अज्ञान आपोआप पिकलेलं नाही, त्याला खतपाणी घातलं गेलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका हा, की सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी बाहेरच्या गॅरेजांपर्यंत मोकळेपणाने पोचू दिली नाही. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत मोटारींनाही त्यात घेतलं. पोर्टल आलं. पण मी विकत घेतलेल्या वस्तूचं वर्कशॉप मॅन्युअल मला अजूनही सरळ मार्गाने मिळत नाही. आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाटी आहे: "येथे वाहन दुरुस्ती करू नये." फरशीवर ऑईल सांडेल ही भीती रास्त आहे. मग सांडल्यावर दंड घ्या. पाना हातात धरला म्हणून वॉचमन का पाठवता?

इथपर्यंत टपरीवरचे मित्र टाळ्या वाजवत असतील. आता त्यांची पाळी.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. त्याने ज्वलनाचं तापमान खाली येतं आणि नायट्रोजनची ऑक्साईडं कमी तयार होतात. बदल्यात व्हॉल्व्हवर आणि मॅनिफोल्डमध्ये काजळी धरते, पिकअप मंदावतो. यावर बाजारातला उपाय असा: वाटेत पत्रा ठोका, ईसीयूमधून ईजीआर बंद करा, वर डिझेल वाढवणारा रीमॅप टाका. गाडी पळते, यात वाद नाही. पण जास्तीच्या डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही की ते काळा धूर होऊन बाहेर पडतं, मागच्या दुचाकीवरल्या माणसाच्या तोंडावर. नायट्रोजनची ऑक्साईडं तर दिसतही नाहीत. आपली पीयूसी डिझेल गाडीच्या धुराची फक्त घनता मोजते, ही ऑक्साईडं मोजतच नाही. म्हणून ईजीआर बंद केलेली गाडीही ऐटीत पास होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा आपण सगळे कंपनीला शिव्या देत होतो. त्यांच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर. चाचणीत गाडी सभ्य, रस्त्यावर मोकाट. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि त्यानंतर कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. हे करणारे कोण होते? माझ्यासारखे, लॅपटॉप घेऊन बसलेले इंजिनिअर. त्यांतल्या एकाला अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. आता सांगा, लॅपटॉप लावून ईजीआर बंद करणारा तुमचा ट्यूनर वेगळं काय करतो? त्यांनी एक कोटी गाड्यांत केलं, तो एका वेळी एका गाडीत करतो.

याचा फटका मलाही बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेलं मूळ स्वरूप बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुमचा फुटका सायलेन्सर रात्री बारा वाजता गल्ली उठवतो, तेव्हा लोक मनाशी ठरवतात की गाडी उघडणारे सगळे असलेच. सोसायटीच्या पाटीमागे तुमचाही हात आहे.

माझी रेघ साधी आहे. जे माझ्यापुरतं आहे ते माझं. जे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचतं, म्हणजे धूर, आवाज, ब्रेक, दिव्यांचा झोत, ते सगळ्यांचं. मीही गाडीत बदल केले आहेत. दारांच्या आत आवाज शोषणाऱ्या शीट्स चिकटवल्या, स्पीकर बदलले, हेडलाइटला रिले लावून जाड वायर टाकली. बल्ब मूळ क्षमतेचेच ठेवले, पण त्यांना पूर्ण व्होल्टेज मिळतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातले एलईडी कोंबले नाहीत, कारण तो झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. काढलेलं काळं ऑईल कॅनमध्ये भरून, ते अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवतो. गटारात ओतत नाही आणि वाळवीसाठी चौकटींना फासतही नाही.

मागण्या तीनच आहेत. कंपन्यांनी वर्कशॉप मॅन्युअल आणि तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी किमतीत कुणालाही विकावं. सरकारने पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साईडं मोजावीत, भले त्यात माझी गाडी नापास होवो. सोसायट्यांनी एक कोपरा, एक ट्रे आणि एक नळ द्यावा.

टपरीवरच्या मित्रांसाठी चौथी मागणी. तो पत्रा काढा. व्हॉल्व्ह खोलून क्लीनर आणि टूथब्रशने काजळी काढली की बराचसा पिकअप तसाच परत येतो. अर्धा दिवस जातो, हात काळे होतात. रविवारी सकाळी या, पाने आणि क्लीनर माझ्याकडे आहे. गॅस्केट तेवढं नवीन आणा.