मूर्ती अधांतरी आहे, म्हणून काय सिद्ध होतं?

जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. गुहांची दारं इतकी ठेंगणी, की कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि आत गेल्यावर समोर येणाऱ्या मूर्ती दारापेक्षा कितीतरी मोठ्या. त्यांतली तीर्थंकर पार्श्वनाथांची एक मूर्ती ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणून ओळखली जाते. एवढा थोरला पाषाण, आणि त्याला खाली टेकू म्हणाल तर एका लहानशा दगडाचा. बाकीची मूर्ती जमिनीपासून सुटलेली. देव आहे की नाही असा वाद आमच्या भागात निघाला, की ‘आधी नेमगिरीला जाऊन या, मग बोला’ असं उत्तर तयार असतं.

हे उत्तर मला पटत नाही. पण ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून हात झटकणं म्हणजे खंडन नव्हे. असं उत्तर देणारी माणसं भोळी असतात असंही नाही. त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलेलं असतं आणि त्यावरून ती अनुमान काढतात. प्रत्यक्ष आणि अनुमान ही तर आपल्या दर्शनांची नावाजलेली प्रमाणं. तेव्हा हे अनुमान कुठे तुटतं ते पाहायला हवं.

जड वस्तू आधाराशिवाय राहत नाही, ही राहिली आहे, म्हणजे तिला धरणारी शक्ती निसर्गापलीकडची आहे, तीच ईश्वर. यातली पहिली कडीच कच्ची आहे. वस्तू कितीही जड असो, तिचा भार ज्या बिंदूत एकवटतो तो बिंदू टेकूच्या बरोबर वर आला आणि टेकू तो भार पेलण्याइतका मजबूत असला, की वस्तू उभी राहते. ज्या हातांनी अंधाऱ्या गुहेत अशा मूर्ती घडवल्या, त्या हातांना तोल साधता येत नव्हता असं का धरायचं? शिल्पकाराचं श्रेय काढून घेऊन ते देवाला देण्याची घाई मला शिल्पकारावर अन्याय करणारी वाटते.

बरं, हे स्पष्टीकरण चुकीचं आहे असं घटकाभर धरू. समजा, मूर्ती तशी का उभी आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तरी त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की आपल्याला कळलेलं नाही. न कळण्यावरून ‘हे ईश्वरानेच केलं’ इथवर पोचायचं तर मध्ये स्वतंत्र पुरावा लागतो, आणि तो कुणी देत नाही.

शिवाय ही साक्ष ठाम असती, तर निदान ती मानणाऱ्यांमधला तंटा तरी तिने मिटवला असता. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं याहून प्रसिद्ध मंदिर आहे. तिथली मूर्ती अधांतरी आहे असं श्वेतांबरही मानतात आणि दिगंबरही. पण मूर्तीचं रूप कसं असावं, पूजा कुणी कशी करावी यावरून दोघांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कज्जे चालले. 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये निघालं. चमत्कार दोघांनाही मान्य होता. निवाडा मात्र न्यायालयात, कागदपत्रांवर मागावा लागला.

पण या युक्तिवादावरचा सर्वांत मोठा आक्षेप माझा नाही. तो या तीर्थंकरांच्या परंपरेतूनच आलेला आहे, आणि तो जिंतुरात कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. दिगंबर आचार्य समंतभद्र यांच्या ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथाचा पहिलाच श्लोक तीर्थंकरांना उद्देशून आहे. त्याचा आशय असा : देव तुमच्या भेटीला येतात, तुम्ही आकाशातून चालता, तुमच्यावर चवऱ्या ढाळल्या जातात; पण हे वैभव मायावी माणसांपाशीही दिसतं, म्हणून त्यापायी आम्ही तुम्हाला थोर मानत नाही. पुढे ते स्वतःची कसोटी सांगतात. ज्याचं बोलणं युक्तीला आणि शास्त्राला बाध आणत नाही, तो निर्दोष. तोच विश्वास ठेवण्याजोगा. आठव्या शतकात अकलंकांनी या ग्रंथावर ‘अष्टशती’ हे भाष्य लिहिलं, म्हणजे मूळ ग्रंथ त्याहून जुना. आकाशात अधांतरी असणं हा थोरपणाचा पुरावा नव्हे, हे ज्या आचार्यांनी श्रद्धेने आणि हात जोडून लिहून ठेवलं, त्यांच्याच तीर्थंकरांच्या मूर्तीचा अधांतरीपणा आपण पुरावा म्हणून पुढे करतो.

आणि पुरावा तरी कशाचा? जैन दर्शनाला जगाचा कर्ता असा ईश्वर मुळात मान्यच नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाला गुरुस्थानी असलेल्या जिनसेनांनी नवव्या शतकात ‘आदिपुराणा’त कर्त्या ईश्वराचं सविस्तर खंडन केलं आहे. सृष्टीआधी तो कुठे होता, कशातून त्याने ती केली, आणि तो पूर्ण असेल तर त्याला काही करण्याची इच्छा का व्हावी, असे त्यांचे प्रश्न आहेत. नेमगिरीची मूर्ती दाखवून जगन्नियंता सिद्ध करणारा माणूस ज्यांच्या घरातली साक्ष काढतो, त्यांनाच ती साक्ष नको आहे.

चमत्काराहून कितीतरी भक्कम पुरावा नैयायिकांनी दिला आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मांडलं, की जे जे निर्माण होतं त्याला कर्ता असतो, घटाला कुंभार असतो, तसा जगालाही असलाच पाहिजे. हा युक्तिवाद मला आदरणीय वाटतो, कारण तो सर्वांना तपासता येतो. पण कुंभार घट करताना आपण पाहिलेला असतो, म्हणून घट पाहून कुंभार आठवतो. जग होताना कुणी पाहिलं? आणि उपमा शेवटपर्यंत न्यायची तर कुंभाराला देह असतो, बाहेरून आणलेली माती असते, त्याचे घट फुटतात, त्याला वारस असतात. हे सगळं सोडून फक्त ‘कर्ता’ तेवढा उचलायचा, याला आधार काय?

मग उरते प्रचिती. पाऊस लांबला की आमच्या खेड्यांत पोरं कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात, महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात. पाऊस आला की देव पावला. न आला तर? तेव्हा मात्र आपलंच काही चुकलं. अशा हिशेबात देव कधी हरूच शकत नाही, आणि जो हिशेब हरू शकत नाही त्यातली जीत मोजता येत नाही. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हतं, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत 52 टक्क्यांना गुंतागुंत झाली आणि न झालेल्यांत 51 टक्क्यांना. प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलेलं होतं, त्यांच्यात 59 टक्क्यांना. यावर श्रद्धावंतांचं म्हणणं असं, की देवाची अशी परीक्षा घेता येत नसते. मान्य. पण मग धोंडीनंतर आलेला पाऊसही पुराव्यात धरू नका. परीक्षा नको असेल तर गुणही मागता येत नाहीत.

जिंतूरच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंना विठ्ठल आपल्यासोबत दळायला बसतो असं वाटलं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. म्हणायचा मला अधिकारही नाही. एका दासीला जात्यापाशी मिळालेली ती सोबत तिच्यापुरती खरीच होती. पण अनुभव ज्याचा त्याला बांधतो, शेजाऱ्याला बांधत नाही. ‘मला अनुभव आला’ हे विधान निर्विवाद आहे. ‘म्हणून तूही मान’ म्हटलं, की पुरावा द्यावा लागतो.

तर मग पुरावा म्हणायचं कशाला? जे उलट निघालं असतं तर आपण मत बदललं असतं, त्याला. आणि जे श्रद्धा नसलेल्या माणसालाही तपासता येतं, त्याला. समंतभद्रांच्या कसोटीतला ‘शास्त्र’ हा अर्धा भाग मला जसाच्या तसा घेता येणार नाही, कारण कोणाचं शास्त्र हाच तर वाद आहे. ‘युक्ती’चा अर्धा भाग मात्र मी पूर्ण घेतो. या मापाने ईश्वराचा पुरावा माझ्यासमोर आजवर आलेला नाही. उद्या आला तर तो मान्य करण्याची माझी तयारी आहे, आणि ही तयारी मी समोरच्याकडूनही मागतो. नेमगिरीच्या मूर्तीखालच्या टेकूचं साधं गणित उद्या कुणी मांडून दाखवलं, तर तुमची श्रद्धा ढळेल का? ‘नाही’ असं उत्तर असेल, तर ती मूर्ती तुमच्या श्रद्धेचा आधार कधी नव्हतीच. मग वादात तिला साक्षीला का उभं करता?

जिंतूर परिसरातल्या शाळांनी मुलांना नेमगिरीला जरूर न्यावं. मूर्तीखालचा तो लहानसा दगड दाखवताना समंतभद्रांचा पहिला श्लोकही अर्थासह सांगावा, आणि मुलं जे विचारतील त्याला तिथेच, मूर्तीसमोर, उत्तर द्यावं.