गल्लीचा प्रश्न, दिल्लीचा कायदा

चिखलदऱ्याला येणारा पर्यटक पंचबोल पॉइंटवर उभा राहून धुके पाहतो, भीमाने कीचकाला याच दरीत लोटल्याची कथा ऐकतो, गाविलगडाच्या तटावर छायाचित्र काढतो, येथल्याच मळ्यातली कॉफी पितो आणि तृप्त मनाने परततो. त्या धुक्याच्या पलीकडे चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांत तीनशेहून अधिक गावांचा मेळघाट पसरलेला आहे. तेथे राहणारा कोरकू वनवासी पर्यटकाच्या नजरेस क्वचितच पडतो आणि देशाच्या नजरेस तर त्याचे मूल दगावल्यावरच पडतो.

मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ साली देशभर गाजला. १९९५ साली राज्य शासनाने नवसंजीवन योजना आणली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि तिच्यावरील सुनावण्या वर्षानुवर्षे चालत राहिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयापुढे मेळघाटातील साठाहून अधिक अर्भकांच्या मृत्यूची माहिती आली. ते मृत्यू जूनपासूनच्या अवघ्या काही महिन्यांतले होते. न्यायालयाने शासनाच्या बेफिकिरीवर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. १९९३ ते २०२५ ही बत्तीस वर्षे होतात. या काळात मुंबईत आणि दिल्लीत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. त्यांत आपल्या विचारांची सरकारेही होती, हे मान्य केल्यावाचून पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या बत्तीस वर्षांत मेळघाटाचा प्रश्न सातत्याने धगधगत राहिला तो न्यायालयात. न्यायालय जाब विचारू शकते, अहवाल मागवू शकते, अधिकाऱ्याला उभे करू शकते. पण ते कायदा लिहू शकत नाही आणि अर्थसंकल्पही मंजूर करू शकत नाही. ती दोन्ही कामे जेथे होतात, त्या सभागृहात मेळघाटाचा आवाज इतका क्षीण का?

दोन सोयीस्कर गैरसमज

या क्षीणतेच्या मुळाशी दोन गैरसमज आहेत. पहिला मतदाराचा. खासदार म्हणजे निधी आणणारा माणूस, अशी आपण समजूत करून घेतली आहे. खासदार स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणजे मेळघाटातील बालमृत्यू गाजले त्याच वर्षी. आज हा निधी प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यातून सभामंडप होतात, रस्त्याचे तुकडे होतात, कोनशिलेवर नावे येतात. ही कामे निरुपयोगी नाहीत. परंतु खासदाराचे मोजमाप कोनशिलांनी होऊ लागले की सभागृहातील त्याचे आसन रिकामे राहिले तरी कोणाला खंत वाटत नाही.

दुसरा गैरसमज महानगरांतील विद्वानांचा. यांच्या मते संसदेत केवळ परराष्ट्र धोरण, संरक्षण, अर्थकारण अशाच ‘राष्ट्रीय’ प्रश्नांवर बोलावे. एखादा खासदार आपल्या भागातील रेल्वे, रुग्णालय किंवा पाणी यांविषयी बोलला, की तो नगरसेवकाच्या पातळीवर उतरला, असे नाक मुरडून म्हटले जाते. या मंडळींना विचारले पाहिजे की राष्ट्र म्हणजे नेमके काय? दिल्लीतील चार इमारती म्हणजे राष्ट्र नव्हे. राष्ट्र गावागावांत नांदते. हतरूच्या पाड्यावरील बाळंतिणीला वेळेवर वाहन मिळत नसेल, तर ती राष्ट्राच्याच शरीरावरची जखम आहे. तिला ‘स्थानिक’ म्हणून बाजूला सारणारा राष्ट्रीय विचार पोकळ आहे.

मेळघाटापुरते बोलायचे तर हा भेद वस्तुस्थितीलाही धरून नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ सालचा, देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्याला लागू असलेला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, वन संवर्धन कायदा १९८० चा, वनहक्क कायदा २००६ चा. हे सर्व संसदेचे कायदे आहेत. चिखलदरा व धारणी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. त्या क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा संसदेने १९९६ साली केला आणि त्याचे महाराष्ट्रातील नियम निघाले २०१४ साली. मधली अठरा वर्षे कायदा पुस्तकात होता आणि ग्रामसभा पाराखाली बसून होती. वनवासी माणूस सरपण आणायला घराबाहेर पडला की पहिल्या पावलाला त्याला दिल्लीचा कायदा भेटतो. मग त्याचा प्रश्न गल्लीचा कसा?

बांबूचा धडा

एका शब्दाने काय घडते, याचे उदाहरण मेळघाटातच आहे. बांबू हे गवत आहे, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. परंतु इंग्रजांनी केलेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत बसवला गेला होता. त्यामुळे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडायचा आणि वाहून न्यायचा, तर परवान्यांचे जंजाळ उभे राहत असे. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने संपूर्ण बांबू केंद्र उभारून कोरकू बांधवांच्या हाताला कला आणि काम दिले. ज्या वस्तूवर हे कष्ट उभे होते, तीच कायद्याच्या लेखी झाड होती.

नव्वद वर्षांनी, २०१७ च्या अखेरीस, संसदेने त्या व्याख्येत दुरुस्ती केली आणि वनक्षेत्राबाहेरील बांबू त्यातून वगळला. वनक्षेत्रातील बांबूचा प्रश्न वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहिला. दुरुस्ती स्वागतार्हच होती. पण स्वातंत्र्यानंतर तिला सत्तर वर्षे का लागली, हा प्रश्न उरतोच. बांबूवर पोट असलेल्या प्रत्येक भागाच्या प्रतिनिधीने प्रत्येक अधिवेशनात या एका शब्दाविषयी मंत्र्यांना उभे केले असते, तर तीन पिढ्या वाया गेल्या नसत्या. येथे स्थानिक टोपली आणि राष्ट्रीय कायदा यांमध्ये अंतर होते ते फक्त एका प्रश्नाचे.

चर्चेविना गेलेले अधिकार

वने हा विषय मुळात राज्यांच्या सूचीत होता. तो समवर्ती सूचीत गेला ४२ व्या घटनादुरुस्तीने. ती दुरुस्ती संसदेत संमत झाली नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीत. विरोधी पक्षांचे प्रमुख नेते कारागृहात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि लोकसभेची मुदत वाढवून घेतलेली होती. वनांच्या रक्षणासाठी केंद्राला अधिकार असावेत, या मताला आधार नाही असे नाही. परंतु ज्यांचे आयुष्य त्या वनांत गुंतले आहे, त्यांच्या बाजूने मोकळेपणाने बोलणारा आवाज त्या सभागृहात उरला नव्हता. शिक्षण आणि वन्यजीव हे विषयही त्याच दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. चर्चा दडपली की अधिकार कसे निसटतात, याचा हा धडा आहे.

तो धडा आपणही पुरता शिकलेलो नाही. वन संवर्धन कायद्यातील दुरुस्ती जुलै २०२३ मध्ये लोकसभेत आली, तेव्हा मणिपूरच्या विषयावरून सभागृहात गदारोळ चालू होता. विरोधकांनी घोषणा दिल्या, सत्ताधाऱ्यांनी घाई केली आणि विधेयक अल्प चर्चेने संमत झाले. संयुक्त समितीने त्याचा विचार केला होता, हे खरे. पण समितीच्या बंद खोलीने सभागृहातील चर्चेची जागा घ्यायची नसते. मणिपूर महत्त्वाचे होतेच. परंतु विरोधकांना त्या दिवशी वनवासी बांधवांची आठवण झाली नाही, आणि थोडे थांबून चर्चा घडवावी, असे सत्ताधाऱ्यांनाही वाटले नाही.

गोंधळ हेच अस्त्र मानणाऱ्यांत कोणताही पक्ष सोवळा नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी घोटाळ्याच्या चौकशीच्या मागणीपायी जवळजवळ संपूर्ण वाया गेले. मागणी न्याय्य होती आणि ती आपल्या बाजूची होती. तरीही त्या दिवसांत जे प्रश्न विचारले जायचे राहिले, त्यांत कुपोषणाचेही असतील, शेतकरी आत्महत्यांचेही असतील. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या अवघ्या २७४. महामारीचे कारण जमेस धरले तरी घसरण लपत नाही. सभागृह बंद पडले की मोठ्या नेत्याचे काही बिघडत नाही, कारण त्याला दूरचित्रवाणी आहे. बिघडते ते चिखलदऱ्याचे. त्याला ते एकच व्यासपीठ आहे.

रेल्वे आणि वाघ

खरी कसोटी लागते ती स्थानिक आणि राष्ट्रीय हित एकमेकांसमोर उभे ठाकतात तेव्हा. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे १ जानेवारी २०१७ पासून रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट हा टप्पा पूर्ण होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर गाडी धावली. पुढचा सुमारे ४० किलोमीटरचा टप्पा व्याघ्र प्रकल्पातून जाणारा. वाघाचा अधिवास दुभंगू नये, म्हणून मार्ग प्रकल्पाबाहेरून वळवावा, असा आग्रह धरला गेला; बाहेरच्या मार्गाने खर्च व अंतर वाढेल आणि जुन्या मार्गावरील गावे कायमची तुटतील, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वाघ राष्ट्राचा आहे आणि धूळघाटच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणारा प्रवासीही राष्ट्राचाच आहे.

असा तिढा सोडवण्यासाठीच संसद असते. तज्ज्ञांचे अहवाल, नेत्यांची पत्रे आणि न्यायालयीन समित्या यांतून तो वर्षानुवर्षे फिरत राहिला. नियम ३७७ खाली किंवा शून्य प्रहरात असा विषय मांडला, की खासदाराचे भाषण दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात छापून येते. ते चांगलेच, पण शून्य प्रहरातील दोन मिनिटे ही सुरुवात असते. तारांकित प्रश्न, त्यावरील पूरक प्रश्न, उत्तर अपुरे असल्यास अर्ध्या तासाची चर्चा, आणि मंत्र्यांनी शब्द दिला तर शासकीय आश्वासन समितीकडे पाठपुरावा, अशी पायऱ्यांची वाट लोकसभेच्या नियमांत आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे, अशी अपेक्षा आहे. या पायऱ्या चढायला अभ्यास लागतो, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

म्हाळगी आणि पंजाबराव

हे अशक्य नाही, याची साक्ष आपल्याच परंपरेत आहे. रामभाऊ म्हाळगी आमदार असताना आणि पुढे १९७७ पासून ठाण्याचे खासदार असताना मतदारांना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल देत. आणीबाणीत कारागृहात असतानाही त्यांनी विधिमंडळाकडे प्रश्न पाठविणे थांबवले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न विचारणे हा व्रताचा भाग होता. भिंतीआड असल्याने व्रत सुटत नाही.

आणि अमरावतीला तर पंजाबराव देशमुखांचा वारसा आहे. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून उभा राहिला, संविधान सभेत बसला, अमरावतीतून लोकसभेत गेला आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषी खात्याचा मंत्री राहिला. ते दिल्लीत बोलत होते, पण विचार पापळच्या बांधावरून करत होते. त्यांना कोणी ‘स्थानिक’ म्हटले नाही.

तेव्हा सूज्ञ वाचकांनी आणि कार्यकर्त्यांनी खासदाराकडे जाताना निवेदनात केवळ सभामंडप मागू नये. गेल्या अधिवेशनात आपण किती दिवस उपस्थित होता, कोणते प्रश्न विचारले, कोणते आश्वासन मिळाले आणि त्याचे पुढे काय झाले, हे चार प्रश्न विचारावेत. खासदार आपल्या पक्षाचा असेल तर अधिक आग्रहाने विचारावेत. आपल्या माणसाकडून अधिक अपेक्षा ठेवणे हीच खरी आपुलकी. विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे लोकसभेच्या नोंदींत जाहीर असतात. शाखेच्या बैठकीत, वाचनालयात, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ती वाचली जावीत.

पुढच्या पावसाळ्यात चिखलदऱ्यात पुन्हा धुके उतरेल आणि पर्यटक पुन्हा येतील. त्याच पावसात मेळघाटाच्या आत कोठेतरी एक अर्भक अशक्त जन्माला येईल. त्याचा मतदार यादीत नंबर नाही आणि त्याच्या आईला दिल्ली ठाऊक नाही. तिच्या वतीने तेथे बोलण्यासाठी आपण एक माणूस निवडून पाठवला आहे. तो बोलतो आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे.