समेट घडवणारा कोण?

पती-पत्नींतील तंटा न्यायालयाच्या दारी आला की आपला कायदा निवाड्याची घाई करीत नाही. आधी समेटाचा मार्ग दाखवतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या नवव्या कलमाने हे न्यायाधीशांचे कर्तव्यच ठरवले. २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद मध्यस्थीकडे सोपवण्याचा आग्रह अधिक ठामपणे धरला, आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने या प्रक्रियेला स्वतंत्र वैधानिक अधिष्ठान दिले. देशात आज ८०० हून अधिक कुटुंब न्यायालये आहेत आणि त्यांच्यापुढील प्रलंबित प्रकरणे दहा लाखांच्या वर गेली आहेत. हा सारा भार समुपदेशनाच्या ज्या खोलीवर येऊन पडतो, त्या खोलीत बसणाऱ्या माणसाचे शिक्षण काय असावे, याचे देशभर लागू होणारे उत्तर मात्र चार दशकांनंतरही आपल्यापाशी नाही.

कायद्याच्या सहाव्या कलमाने समुपदेशकांची संख्या व वर्ग ठरवण्याचे काम उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्यांनी करावे, असे सांगितले आणि विषय तेथेच सोडला. महाराष्ट्राने विवाह समुपदेशकाचे पूर्णवेळ पद निर्माण केले व त्यासाठी समाजकार्य किंवा मानसशास्त्राचे शिक्षण अपेक्षिले. अन्यत्र अनेक ठिकाणी हे काम मानधनावर, नामिकेतील व्यक्तींकडून, जमेल तसे चालते. पत्नीच्या अर्जावरून एखादा खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग होतो, तेव्हा त्याच दांपत्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीची पात्रताही बदलते. नाडी तपासणाऱ्याच्या बाबतीत आपण हे खपवून घेतले नसते.

मध्यस्थांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. न्यायालयांशी संलग्न मध्यस्थी केंद्रांतील प्रशिक्षण प्रामुख्याने ४० तासांचे असते. त्यानंतर अनुभवी मध्यस्थाच्या हाताखाली काही प्रकरणे हाताळली जातात. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक मानले आहे, हे शेजारी ठेवून पाहावे. बहुतेक मध्यस्थ वकील असतात. कराराची कलमे, पोटगीची रक्कम, मुलांचा ताबा यांत त्यांचा हात बसलेला असतो, आणि ते कौशल्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वाद मिटवणे आणि नाते समजून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. मध्यस्थ दोन्ही पक्षांना काय हवे ते विचारतो. कुटुंबोपचार करणारा, कोणता विषय निघाला की कोण गप्प होते, सासूचे नाव येताच आवाज का चढतो, व्यसन किंवा नैराश्य यांची छाया कोठे पडली आहे, याकडे पाहतो. पहिल्या कामाला दुसऱ्याची जोड नसेल तर करारावर सह्या होतात आणि वर्षभरात तेच दांपत्य नव्या अर्जासह परतते.

खरा धोका हिंसेच्या प्रकरणांत आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील २००६ च्या नियमावलीत एक विलक्षण शहाणी तरतूद आहे: समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे कोणतेही समर्थन करू द्यायचे नाही, आणि हे त्याला आरंभीच सांगायचे. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला’ या वाक्याला त्या खोलीत जागा नाही. पण हे वाक्य कधीच इतक्या उघडपणे येत नाही. ते थट्टेतून येते, मुलांच्या काळजीच्या वेषात येते, कधी खुद्द पत्नीच्याच तोंडून येते. ते ओळखायला आणि संभाषण न मोडता थोपवायला सराव लागतो. तो नसलेला समुपदेशक सद्भावनेने ‘थोडे जुळवून घ्या’ असे सांगतो, आणि ती स्त्री त्याच घरी परत जाते.

मग ज्यांना हे काम शिकायचे आहे, त्यांच्यासाठी काय आहे? दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात २००४ पासून नेल्सन मंडेला यांच्या नावाचे शांतता व संघर्ष-निराकरण केंद्र आहे आणि तेथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. परंतु अशा अभ्यासक्रमांची दृष्टी स्वभावतःच राष्ट्रे, सीमा व समुदाय यांच्याकडे असते. स्वयंपाकघरातील संघर्ष त्यांच्या कक्षेत क्वचितच येतो. दुसरीकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबोपचाराची दीर्घ परंपरा आहे, पण तेथवर पोचण्याची वाट मनोविकारशास्त्र, चिकित्सालयीन मानसशास्त्र किंवा मनोविकार-समाजकार्य यांतून जाते. त्यातही नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवी बंद केली. या दोन मानसविषयक शाखांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली, यावरूनच पर्याय आधी उभा केला नव्हता हे दिसते. आणि २०२१ च्या त्या कायद्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यसेवेच्या वर्गात मधुमेह-शिक्षक, स्तनपान-सल्लागार, कुटुंबनियोजन-समुपदेशक यांची नावे आहेत, कुटुंबोपचारकाचे नाही. कुटुंब मर्यादित ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याची नोंद आहे, ते सावरणाऱ्याची नाही.

परिणामी या क्षेत्रात आवडीने आलेला पदवीधर शेवटी खासगी दवाखाना काढतो किंवा एखाद्या कंपनीच्या कर्मचारी-कल्याण योजनेत स्थिरावतो. दोन्ही कामे सन्मानाची आहेत. पण ज्या दांपत्याला तासाचे शुल्क परवडत नाही, ते न्यायालयाच्या ओसरीत ताटकळत राहते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आपल्याकडे घरातले वाद वडीलधाऱ्यांनी मिटवले. कुटुंबोपचार हे पाश्चात्त्य खूळ आहे, असा तो आक्षेप. इतिहास याला पुष्टी देत नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले व उपचारात सहभागी करून घेतले. पुढे वेल्लोर येथेही कुटुंबासह उपचाराची पद्धत रुजली. कुटुंबाला उपचाराचे एकक मानण्याचा विचार येथे परक्याचा नव्हता. राहिले वडीलधारे. त्यांना दोन्ही घरे ठाऊक असतात हे त्यांचे बळ आणि तीच त्यांची अडचण, कारण निकालात त्यांचीही प्रतिष्ठा गुंतलेली असते. २०२३ च्या कायद्यातील सामुदायिक मध्यस्थीच्या तरतुदीत परिसरातील व कुटुंबांमधील शांतता बिघडवू शकणारे वाद येतात. नामिकेसाठी प्रतिष्ठित, सचोटीच्या, समाजात मान असलेल्या व्यक्ती तिला अपेक्षित आहेत. मध्यस्थीचा अनुभव हा अनेक निकषांपैकी केवळ एक आहे. जेथे जातपंचायतीची छाया अजून सरलेली नाही, तेथे ‘समाजात मान’ कोणाला असतो, हे वेगळे सांगावे लागू नये.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. सहाव्या कलमाखालील नियमांत राज्यांना किमान पदव्युत्तर पात्रता आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील कामाचे ठरावीक तास घालता येतील. अनुसूचीत एका नोंदीची भर घालता येईल. विद्यापीठांनी मध्यस्थी आणि कुटुंबोपचार यांचा संयुक्त अभ्यासक्रम काढला, तर कुटुंब न्यायालये त्याची प्रात्यक्षिकशाळा होऊ शकतात. पण पदे नसतील तर अभ्यासक्रम रिकामेच राहतील, म्हणून आरंभ पदांपासून व्हावा. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा प्रशिक्षित समाजकार्यकर्तीला पोलीस यंत्रणेच्या आतच टेबल मिळाले. पुढे राज्य शासनाने तो प्रयोग स्वीकारला आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. कुटुंब न्यायालयांच्या बाबतीत तर खोली आधीच बांधलेली आहे. प्रश्न आहे तो वेतनाच्या तरतुदीचा, आणि ती राज्यांच्या अर्थसंकल्पात करायची आहे.