बेगमी माळ्यावर ठेवा

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी घर भरण्याची, घाई सुरू होई. आमसुलं आणि मिरच्या उन्हात, कांद्याच्या माळा आढ्याला, सुके बोंबील डब्यात, आठळ्या मातीत पुरलेल्या. आता दुकान कोपऱ्यावर आलं आणि ही सवय मोडली.

पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा घरांबरोबर बाजारपेठही बुडाली. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गच पाण्याखाली गेला आणि मालाच्या गाड्या दिवसचे दिवस अडकून पडल्या. म्हणून कळकळीनं सांगते, पावसाआधी घर भरा. एप्रिलपासून वाण्याच्या दर यादीत थोडं जास्तीचं घ्या. पुराची बातमी आल्यावर दुकानाकडे धावू नका; हातावर पोट असलेल्याच्या वाट्याचं आपण उचलून आणतो.

काय भरायचं? चौघांच्या घराला रोज किलोभर तांदूळ धरला तर दहा दिवसांना दहा किलो. डाळ, कुळीथ, मीठ, तेल आलंच. पण पुरात चूल पेटत नाही, सिलिंडर तरंगून जातो. त्यामुळे न शिजवता खाता येईल ते आधी बघा: पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, खजूर, सातूचं पीठ. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की लहान मूलही पोटभर खातं. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे छत्तीस लिटर होतात. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्यांचं खाणं आणि औषधं वेगळ्या डब्यात. आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत, माळ्यावर. जमिनीवरचं भरलेलं कोठार पहिल्या तासात जातं. डाळीला एरंडेल चोळा, जुनं आधी वापरा, नवं मागे ठेवा.

परसात शेवगा, अळू, सुरण लावा. मृगाच्या पावसावर भेंडी, दोडका, पडवळ. सुरणासाठी मात्र उंचवटा निवडा, पाणी साचलं की कंद कुजतो. पुराचं पाणी लागलेली भाजी कितीही हिरवी दिसली तरी टाकून द्या. त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं.

बियाणं ही तर मोठी बेगमी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. तुम्ही निदान भोपळा, वाल, मेथीचं बी नीट वाळवून बाटलीत भरा आणि तांदळाच्या डब्याशेजारी माळ्यावर ठेवा. परसबाग वाहून गेली तरी ओट्यावर, चांगल्या मातीच्या पोत्यात मेथी पेरता येते. महिन्याभरात ती ताटात येते.