सपत्नीक वानप्रस्थ, मुक्काम किन्शासा

निवृत्त माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पेन्शन सुरू झाली का, आणि आता वेळ कसा घालवता? पुढचे एक-दीड वर्ष कोणाच्या उपयोगी पडणार, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही.

ज्याला लोक मॉर्मन चर्च म्हणतात, त्या अमेरिकेतल्या पंथात हा तिसरा प्रश्न सरळ विचारला जातो. संसारातून मोकळी झालेली जोडपी सहा ते तेवीस महिन्यांसाठी 'मिशन'वर जातात. पगार नाही. घरभाडे, जेवण, सगळे आपापल्या खर्चाने. या पंथात मिशनवर गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलालाही 'एल्डर' म्हणजे ज्येष्ठ म्हणतात, ही एक गंमतच. पण ही जोडपी खरोखरची ज्येष्ठ असतात आणि दारोदार फिरून धर्म सांगणे हे त्यांचे मुख्य काम नसते.

अशा जोडप्यांच्या मुक्कामाचे एक शहर म्हणजे किन्शासा, कांगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी. बेल्जियमच्या राज्यात त्याचे नाव लिओपोल्डव्हिल होते, ते १९६६ साली बदलले. वस्ती दीड कोटीच्या वर. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच, म्हणून पॅरिसला मागे टाकून हे जगातले सर्वांत मोठे फ्रेंच भाषिक शहर मानले जाते. बाजारात आणि टॅक्सीत मात्र लिंगालाच चालते. या पंथाला तिथे १९८६ साली सरकारी मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी पहिले मिशनरी म्हणून हचिंग्ज नावाचे पती-पत्नी तिथे पोहोचले.

आता तिथल्या दिवसाची कल्पना करा. कधी वीज नाही, कधी नळाला पाणी नाही. सकाळी कचेरीत जायचे. तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांची भाडी वेळेवर भरायची, व्हिसाचे कागद हलवायचे, पाण्याचे फिल्टर तपासायचे, आजारी पोराला डॉक्टरकडे न्यायचे. स्थानिक कारकुनाला हिशेबाची वही शिकवायची. कोणाला पियानो येत असेल तर संध्याकाळी मुलांना चार सूर शिकवायचे. आपल्या परोक्य शाळांतल्या सोल्फाची आठवण यावी, असेच हे काम. यात नाट्य काही नाही. जन्मभर नोकरी आणि संसार केलेल्या माणसाला सहज जमेल, एवढेच.

अवघड जाते ती भाषा. निघण्यापूर्वी जुजबी फ्रेंच शिकवतात, पण पासष्टीत क्रियापदांची रूपे पाठ करणे म्हणजे पुन्हा पहिलीच्या बाकावर बसणे. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम देणारा माणूस भाजीवालीपुढे बोटे दाखवत उभा राहतो. ती त्याला 'पापा' म्हणते, त्याच्या बायकोला 'मामां'. किन्शासात वडीलधाऱ्यांना असेच हाक मारतात, जसे आपण बाब आणि बाय म्हणतो. म्हातारपणी असे परावलंबी होऊन शिकण्यात एक नम्रता आहे. ती पुस्तके वाचून येत नाही.

'मिशन' हा शब्द गोव्यात आपण निर्विकारपणे ऐकू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. १५६० ते १८१२, मधला थोडा काळ सोडला तर, इथे इन्क्विझिशन होते. पाडलेल्या देवळांच्या आणि खाडीपलीकडे नेलेल्या देवांच्या कथा आपल्या घराघरांत आहेत. ही जोडपी कितीही हिशेब लिहोत, शेवटी ती एका पंथाच्या वाढीसाठीच गेलेली असतात. शिवाय आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना या पंथाने १९७८ पर्यंत पौरोहित्याचा अधिकारच दिला नव्हता, आणि पुढच्या आठ वर्षांत तो किन्शासात पोहोचला. हे विसरून कौतुक करणे भाबडेपणाचे होईल.

तरीही याच गोव्यात १५७९ साली आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आपल्याला परका वाटत नाही. १६१६ साली छापलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. पण त्यामागे या भूमीतली जवळजवळ चाळीस वर्षे होती. दीड वर्षात भाषा तोंडात बसते न बसते तोच परतीचे विमान येते. या व्यवस्थेचा खरा उणेपणा मला हाच वाटतो.

मात्र तिचे बळही याच मुदतीत आहे. आपण त्यागाची पूजा करतो, पण तो जन्मभराचा असेल तर. १९७३ साली हेमलकशाला गेलेल्या प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांपुढे आपण हात जोडतो आणि 'आपल्याला कुठले जमणार' म्हणत घरी परततो. ज्याला तेवढे जमणार नाही, पण सहा महिने, वर्षभर जमेल, त्याच्यासाठी आपल्या समाजात जागा कुठे आहे? विवेकानंद केंद्रासारख्या थोड्या संस्था वानप्रस्थींना बोलावतात. पण ती घरोघरची रीत झालेली नाही.

वास्तविक कल्पना आपलीच. वानप्रस्थाला पत्नीसह जाण्याची मुभा मनुस्मृतीतही आहे. आपण वानप्रस्थाचे गोडवे गातो आणि बाल्कनीत बसून मुलांच्या फोनची वाट पाहतो. यात सगळा दोष वृद्धांचा नाही. त्यांना कोणी बोलावतच नाही. त्या जोडप्यांना बोलावणे येते, ठिकाण मिळते, काम ठरलेले असते आणि परतीची तारीखही माहीत असते. एवढे असले की भित्रा माणूससुद्धा घराला कुलूप लावून निघतो.

आपल्याला किन्शासाला जायची गरज नाही, आणि कोणाचा धर्म बदलण्याची तर नाहीच नाही. सत्तरीच्या गावात एक निवृत्त बँक कारकून आणि त्याची शिक्षिका पत्नी वर्षभर राहिली, बचतगटाचे हिशेब आणि मुलांचे वाचन त्यांनी सांभाळले, तरी पुष्कळ झाले. देवस्थानांपाशी खोल्या आहेत, साहित्यसंस्थांपाशी माणसे आहेत. त्यांनी फक्त तो तिसरा प्रश्न विचारायला सुरुवात करावी. 'हो' म्हणणारी जोडपी प्रत्येक वाड्यावर निघतील, असा माझा विश्वास आहे.