इतिहासाचा सातबारा कुणाच्या नावावर?

शाळेत आपण हडप्पाची स्नानगृहं पाठ केली, इजिप्तचे पिरॅमिड पाठ केले, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्धही सनावळीसकट पाठ केलं. घाटाखालच्या कातकरी बाईच्या आजीनं काय केलं, हा प्रश्न मात्र कुठल्याच परीक्षेत आला नाही. मी कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर काम करते. ज्यांचा इतिहास लिहिला जात नाही त्यांची जमीनही टिकत नाही, हे मला तिथं रोज दिसतं.

राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. कण्हाचा शिष्य बलक यानं हे काम केलं, असं तिथं ब्राह्मीत कोरलं आहे. बायकांची नावं दगडावर येतच नसत असं नाही. घाटावर कार्ल्याला आणि आपल्याच रायगडातल्या कुडा लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींची नावं आहेत. पण ती दान देणाऱ्यांची. डबर वाहणाऱ्यांची नव्हेत.

हीच गोष्ट बोरघाटातल्या रेल्वेची. १८५९ साली कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढं चालवलं आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. बाईनं हे केलं याचं कौतुक जरूर करू. पण १८६१ मध्ये त्या घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. त्यांत डोक्यावर माती वाहणाऱ्या बाया होत्या. पटकीनं माणसं हजारांनी मेली. त्यांतल्या एका तरी बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? म्हणजे बाई असणं पुरत नाही, कंत्राट नावावर असावं लागतं!

आपल्याच बैठकांत काहीजणी म्हणतात, "आधी रेशन, दारू, मारहाण बघू, इतिहास हे पोट भरलेल्यांचं काम." मला हे साफ नामंजूर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याच्या पुराव्यांमध्ये दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब धरले जातात. जुनी विहीर, दफनभूमी, देवाचं ठिकाण, वंशावळ, हेही पुरावे आहेत. आता सांगा, ही माहिती वाडीत कुणाकडे असते? कुठल्या झऱ्यावर पाणी भरलं, कुणाचं मूल कुठं पुरलं, कोण कुठल्या वाडीतून लग्न होऊन आली, हे म्हातारीलाच ठाऊक. पण समितीपुढं जबाब द्यायला उभा राहतो तो पुरुष, आणि म्हातारी भिंतीला टेकून बसते. वनहक्क समितीत एकतृतीयांश बायका हव्यात, विवाहितांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे हवा, असं कायदा सांगतो. मग कागदावर फक्त अंगठा उठवायला बाई का?

अमेरिकेचा इतिहास शिकायचाच तर हा शिकू. तिथली गुलामी संपवणाऱ्या लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. एवढ्या लांबचं दुःख त्यांना आपलं वाटलं. पुढं १९३६ ते १९३८ या काळात तिथल्या सरकारी योजनेतून गुलामीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्री-पुरुषांच्या हकिकती लिहून घेतल्या गेल्या. पण लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळं पुष्कळजण जपून बोलले. वही घेऊन वाडीत शिरणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ठाकर म्हातारीला विचारायला तिची नात बसली, तर ती वेगळं सांगेल.

खालापूर तालुक्यातला इर्शाळगड चढणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होता. त्याच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी महाराष्ट्राला कळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यावर. मेल्यावरच नाव छापून यायचं का?

मैत्रिणींनो, कर्जतच्या डोंगरउतारांवर फार्महाऊसची कुंपणं चढताहेत. कुंपण घालणाऱ्याकडे कागद असतो. म्हणून प्रत्येक महिला मंडळानं येत्या पावसाळ्याआधी आपल्या वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या पाच बायांचे जबाब तारखेसह लिहून घ्यावेत, त्यांना वाचून दाखवावेत आणि ग्रामसभेत दाखल करावेत. एक प्रत वाडीतच ठेवावी. आपली माणसं इथं कधीपासून आहेत, हे आता बाईच्या तोंडून कागदावर आलंच पाहिजे.