अश्रू पुसण्याआधी

घरात मृत्यू झाला की समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. प्रत्येक जण काही ना काही बोलतो. झाले ते ईश्वरेच्छेने झाले, गेलेला सुटला, आता मुलांकडे पाहून धीर धरा. बोलणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे माणूस गेले आहे त्याच्या कानी या शब्दांचा अर्थ पुष्कळदा एवढाच पडतो की, तुमचे रडणे आम्हांला पाहवत नाही, ते आटोपते घ्या. २०२० आणि २०२१ या वर्षांतील कोरोनाच्या साथीत तर समाचाराला येणेही थांबले. कित्येकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शन घडले नाही, खांदा देता आला नाही. त्या वेळी रडायचे राहून गेलेले लोक आज आपल्या शाळांत शिकवीत आहेत, कचेऱ्यांत काम करीत आहेत. म्हणूनच सांत्वन म्हणजे काय, हा प्रश्न केवळ धर्मोपदेशकांचा राहिलेला नाही.

ख्रिस्ती श्रद्धेने या प्रश्नाचा विचार कसा केला आहे, हे पाहण्याजोगे आहे. या श्रद्धेचा सांत्वनाचा संदेश म्हणजे स्वर्गाचे आश्वासन, असा सर्वसाधारण समज आहे. पुनरुत्थानाची आशा तिच्या केंद्रस्थानी आहे, हे खरेच. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईकडील गावांतल्या दफनभूमीत कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावल्या जातात, त्यामागे हीच आशा असते. परंतु बायबल उघडून पाहिले तर या आशेआधी अश्रूंना दिलेले स्थान नजरेत भरते.

योहानाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायात बेथानी गावच्या लाजराच्या मृत्यूची कथा आहे. येशू पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. तुम्ही वेळेवर आला असता तर आमचा भाऊ वाचला असता, असे त्याच्या दोन्ही बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला सरळ ऐकवितात. या गाऱ्हाण्याबद्दल तो त्यांना बोल लावीत नाही. आपण लाजराला उठविणार आहोत हे ठाऊक असूनही, मरीयेला आणि तिच्यासोबतच्या लोकांना रडताना पाहून तो स्वतः रडतो. पुढे आनंद आहे म्हणून आजचे दुःख खोटे ठरत नाही, असाच या प्रसंगाचा आशय नव्हे काय?

ईयोबाच्या ग्रंथात हाच विचार निराळ्या रीतीने आला आहे. मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नि:शब्द बसून राहतात. त्यांच्या हातून घडलेले उत्तम सांत्वन तेवढेच. पुढे ते बोलू लागतात आणि तुझ्याच पापाचे हे फळ असले पाहिजे, असा सिद्धांत मांडतात. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो देवाची तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर! दुःखाची कारणमीमांसा करून दुःखिताला गप्प करणाऱ्यांना धर्मग्रंथानेच दिलेला हा इशारा आहे.

तत्त्वज्ञान आणि अनुभव यांतील अंतर सी. एस. लुइस यांच्याइतके प्रांजळपणे क्वचितच कोणी नोंदविले असेल. इंग्रजी साहित्याच्या या प्राध्यापकाने १९४० साली दुःखाच्या प्रश्नावर एक तर्कशुद्ध पुस्तक लिहिले होते. १९६० मध्ये त्यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले, आणि पुढल्या वर्षी त्यांनी टोपणनावाने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. पहिल्या पुस्तकातील आत्मविश्वास येथे आढळत नाही. अत्यंत निकडीच्या वेळी देवाचे दार बंद असल्याचा भास, स्वतःच्याच श्रद्धेविषयीचा संशय, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. श्रद्धा पुढे सावरली, पण या कबुलीतून गेल्यावर.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. असले सांत्वन म्हणजे दुःखाची जाणीव बधिर करणारे गुंगीचे औषधच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. माणसाला घरात बसवून केवळ परलोकाची वाट पाहायला लावणारी श्रद्धा या आरोपातून सुटू शकत नाही. ती सुटते की नाही हे तर्काने ठरविण्याऐवजी एखाद्या आयुष्याकडे पाहून ठरवावे, हे बरे. असे एक आयुष्य महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे.

पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या या कुटुंबाला १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने गाठले. वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि पदरी लहानगी मनोरमा होती. एवढे सारे वयाची चोवीस वर्षे पुरी होण्याआधी घडले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेल्या वादळाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे प्रस्तुत आहे ती वेगळी गोष्ट. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्या ध्यानी आले ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, अशा आशयाची कबुली रमाबाईंनी स्वतःच दिली आहे. म्हणजे त्यांनाही सांत्वन लगोलग लाभले नाही.

ते लाभल्यावर त्यांनी काय केले? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले, त्याच संकटात पुन्हा शिरून त्यांनी दुसऱ्यांची लेकरे उचलून आणली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करीत होत्या. तो हातावेगळा करूनच त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवला. या आयुष्याला गुंगी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

हा मार्ग मराठी मनाला परका नाही. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठोबाशी भांडण मांडले, पण त्याला सोडले नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, ते उगाच नव्हे.

श्रद्धा असो वा नसो, यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. वर्गात एखादे पोर आईविना झाले असेल, शेजारच्या मेजावरचा सहकारी तेराव्यानंतर कामावर आला असेल, तर त्याला तत्त्वज्ञान सांगायला धावू नये. त्याच्याजवळ बसावे, गेलेल्याचे नाव निघाले तर विषय बदलू नये, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारपूस करावी. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना पौलाने शोक करण्यास मनाई केली नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच त्याने सुचविले. शोकही खरा आणि आशाही खरी, ही त्याची समज. अश्रू पुसायला हात पुढे करण्याआधी ते वाहू देण्याचा धीर आपल्याजवळ असला पाहिजे.